धर्माचा तास, धर्माविषयीचा तास

परळच्या भोईवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर बारादेवीचे मंदिर आहे. १९३१ साली परळ-शिवडी रस्त्याचे काम चालू असताना तिथे जमिनीतून एक प्रचंड शिळा निघाली. उंची सुमारे साडेतीन मीटर. मधोमध एकातून एक उगवल्यासारख्या तीन शिवमूर्ती, त्यांच्या दोन्ही अंगांनी फांद्या फुटाव्यात तशा आणखी चार, आणि तळाशी वाद्ये वाजवणारे गण. अभ्यासक तिला 'परळचा महादेव' म्हणतात आणि पाचव्या-सहाव्या शतकात नेऊन ठेवतात. घारापुरीच्या लेण्यांइतकाच हा आपल्या मुंबईचा जुना ठेवा; पण घारापुरीला सहली जातात, इथे सहसा कोणी येत नाही. तिची प्रतिकृती फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळते. मूळ शिळा मात्र देवळातच आहे, आणि तिची पूजा होते.

मी या भागातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास आणि मराठी शिकवत असे. एका वर्षी नववीचा वर्ग घेऊन तिथे गेलो होतो. एका मुलीने विचारले, "सर, नाव बारादेवीचं आणि मूर्ती शंकराची, मग नमस्कार नक्की कोणाला करायचा?" प्रश्न चांगलाच होता. पण मला अधिक अडवले ते दुसऱ्या प्रश्नाने. नायगावच्या बी.डी.डी. चाळीतला, बौद्ध घरातला एक मुलगा चपला न काढता बाहेरच थांबला होता. तो म्हणाला, "सर, मी आत येऊन नुसतं बघितलं तर चालेल?"

नुसते बघायला आत येणे. माध्यमिक शाळेत धर्म, तत्त्वज्ञान आणि नीती शिकवावी की नाही, या दोनशे वर्षांच्या वादाचा गाभा त्याच्या या चार शब्दांत आहे. हात न जोडता, आणि पाठही न फिरवता, धर्मासमोर उभे राहता येते का? येत असेल तर शाळेने ते शिकवायचे की नाही?

वादाची सुरुवात गिरगावात झाली. मराठी शालेय पुस्तकांचा जन्मच मुळी नीतिपाठांतून झाला आहे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' आणि इसापच्या कथांचे भाषांतर ही आपली अगदी आरंभीची शालेय पुस्तके, दोन्ही १८२८च्या सुमाराची. त्यांत नीती होती, धर्म नव्हता. ग्रीक कोल्हा आणि फ्रेंच वळणाची गुणी बाळे, त्यामुळे कोणाच्याच सोवळ्याला धक्का लागत नव्हता. मिशनऱ्यांच्या शाळांत मात्र बायबल हा विषयच होता. जॉन विल्सन यांनी १८३२ साली सुरू केलेल्या शाळेत हिंदू, पारशी, मुसलमान घरांतली मुले इंग्रजीसाठी जात आणि बायबलही शिकून येत. १८३९ साली तिथल्या दोन पारशी तरुणांनी, धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी यांनी, बाप्तिस्मा घेतला. प्रकरण कोर्टात गेले, शहर पेटले, पालकांनी भराभर मुले शाळेतून काढली. चार वर्षांनी श्रीपाद शेषाद्री या ब्राह्मण मुलाला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घेण्यावरून तसाच गदारोळ उठला, आणि त्याची बाजू घेणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांचा रोष सोसावा लागला.

शाळेत धर्म म्हटले की आपल्या पोटात आजही जो गोळा येतो, तो या दोन प्रकरणांइतका जुना आहे. सरकारने धडा घेतला तो असा, की आपल्या शाळांत धर्म नको. १८५४च्या खलित्याने सरकारी शाळांतले शिक्षण धर्मनिरपेक्ष ठेवले. पण मग नीतीचे काय, हा प्रश्न लोंबकळत राहिला, आणि १८८२च्या हंटर आयोगाने त्याला एक चमत्कारिक उत्तर दिले. कॉलेजांसाठी एक नैतिक पाठ्यपुस्तक तयार करावे, त्याचा आधार कोणताही एक धर्म न घेता 'निसर्गधर्म' घ्यावा, आणि प्राध्यापकांनी दरसाल माणसाच्या व नागरिकाच्या कर्तव्यांवर व्याख्याने द्यावीत. आयोगाचे एक सदस्य काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी याला विरोध करणारी भिन्नमतपत्रिका जोडली. लक्षात घ्या, हे तेलंग धर्माचा तिटकारा असलेले गृहस्थ नव्हते. त्याच वर्षी, १८८२ साली, मॅक्सम्युलरच्या 'पौर्वात्य पवित्र ग्रंथमाले'त त्यांनी केलेले भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले होते. गीता जगाला समजावून सांगणारा माणूस सरकारी नीतिपुस्तकाला नाही म्हणतो, यात मला विसंगती दिसत नाही. निसर्गधर्म म्हणजे सगळ्या धर्मांतला उरलेला अर्क, असे आयोगाला वाटत होते. पण सृष्टीला एक कर्ता आहे हे गृहीत धरले की जैन, बौद्ध आणि निरीश्वरवादी मुले वर्गाबाहेर गेलीच. सगळ्यांना चालेल असे नीतिपुस्तक करायला बसले की एकतर त्यात कोणाचा तरी देव शिरतो, नाहीतर काहीच उरत नाही. पुढच्या सव्वाशे वर्षांत आपण हे दोन्ही प्रकार करून पाहिले.

आता परळकडे वळू. १९०४ साली सुभेदार रामजी आंबेडकर मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत राहू लागले. धाकटा भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाई. त्याला दुसरी भाषा म्हणून संस्कृत हवे होते, ते अस्पृश्य म्हणून मिळाले नाही. फारसी घ्यावी लागली. ही गोष्ट आपण अन्यायाची कथा म्हणून ऐकतो, आणि ती तशी आहेच. पण तिची दुसरी बाजूही पाहायला हवी. सरकारी हायस्कूल धर्मनिरपेक्ष होते, तिथे धर्माचा तास नव्हता. तरीही कोणत्या मुलाने कोणता धर्मग्रंथ मुळातून वाचावा, हे तिथल्या भाषाविषयाच्या वाटपाने ठरून गेले. ज्या शाळेत धर्म शिकवत नाहीत तिथे धर्म नसतो, हा गोड गैरसमज आहे.

घरात मात्र धर्मशिक्षण कडक होते. रामजी कबीरपंथी. मुलांकडून भजने म्हणवून घेत, रामायण-महाभारत वाचून घेत. आणि चर्नी रोडच्या बागेत एक तिसरीच शाळा भरत होती. विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर संध्याकाळी तिथे येत आणि अभ्यास करत बसलेल्या या मुलाला पुस्तके देत. केळुसकरांनी १८९८ साली मराठीत गौतम बुद्धाचे चरित्र लिहिले होते. मुलाच्या परीक्षेतल्या यशाबद्दल सभा झाली, तिथे त्यांनी ते पुस्तक त्याला भेट दिले. चरित्रकार हा प्रसंग १९०७च्या मॅट्रिकचा सांगतात. स्वतः बाबासाहेबांनी तो इंग्रजी चौथीचा म्हणून नोंदवला आहे. प्रसंग केव्हाचा का असेना, मुलगा हायस्कूलचा होता. आणि १८३९ साली धर्मांतरामुळे जिच्यावरून गहजब झाला, त्याच मिशनच्या परंपरेतल्या शाळेचा एक हिंदू मास्तर, एका महार मुलाला, बुद्धाचे चरित्र देत होता, तेही हा माझा धर्म घे असे न म्हणता.

पुढे काय झाले ते बाबासाहेबांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, 'द बुद्ध अँड हिज धम्म'साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितले आहे. पुस्तक वाचून मुलाने वडिलांना जाब विचारला. तुम्ही आमच्याकडून महाभारत आणि रामायणच का वाचून घेता? त्यांत तर ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हेटाळणी आहे. बौद्ध वाङ्मय आम्हाला का दाखवले नाहीत? रामजींचे उत्तर विलक्षण होते. आपण अस्पृश्य, त्यामुळे तुमच्या मनात न्यूनगंड येण्याचा संभव आहे. तो जावा म्हणून. द्रोण आणि कर्ण लहान घरचे, पण केवढे मोठे झाले ते पाहा. वाल्मीकी कोळी असून रामायणाचा कर्ता झाला. मुलाला या युक्तिवादात जोर आहे असे वाटले, पण त्याचे समाधान झाले नाही. महाभारतातले कोणतेच पात्र आपल्याला भावत नाही, भीष्म आणि द्रोण बोलतात एक आणि करतात एक, कृष्ण कपटावर विश्वास ठेवतो, असे त्याने वडिलांना सांगून टाकले.

माध्यमिक वयात धर्म, तत्त्वज्ञान आणि नीती यांचा अभ्यास म्हणजे काय, याचे मला माहीत असलेले मराठी मुलखातले सर्वांत चांगले उदाहरण हे आहे. यात ग्रंथ आहे आणि त्याच्याशेजारी ठेवायला दुसरा ग्रंथ आहे, म्हणजे तुलना आहे. प्रश्न आहे. मोठ्या माणसाला उत्तर द्यावे लागते, आणि तो 'गप्प बस' न म्हणता कारण देतो. मुलगा कारणातला जोर मान्य करतो आणि तरीही पटले नाही म्हणतो. शेवटी नीतीची कसोटी पात्रांनाच लावली जाते. एवढे सगळे चाळीच्या एका खोलीत झाले. शाळेच्या वेळापत्रकात त्याला जागा नव्हती.

हा मुलगा पुढे संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. ७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत, आजच्या कलम २८वर चर्चा झाली. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण द्यायचे नाही, हे ते कलम. सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्कृत महाविद्यालयात वेद आणि स्मृती शिकवतात, त्यांवर गदा येणार का, अशी शंका निघाली. आंबेडकरांनी केलेला खुलासा थोडक्यात असा, की अमुक एका देवावर विश्वास ठेव, अमुक प्रेषित शेवटचा मान, हे धार्मिक शिक्षण. संशोधन किंवा अभ्यास ही निराळी गोष्ट आहे, आणि तिला मनाई नाही. इंग्रजीत 'इन्स्ट्रक्शन' आणि 'स्टडी' हे दोन शब्द वेगळे आहेत. मराठीत आपण दोन्हींना सरसकट 'धार्मिक शिक्षण' म्हणतो, आणि मग भांडणे शब्दावरच अडतात.

न्यायालयांनी ही रेघ पुढे पक्की केली. गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणुकीचा विद्यापीठीय अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली डी.ए.व्ही. कॉलेजच्या खटल्यात म्हटले. त्याआधी १९६४-६६च्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक होते, 'धर्माचे शिक्षण' आणि 'धर्मांविषयीचे शिक्षण' असा स्पष्ट भेद करून दुसऱ्याची शिफारस केली होती. १९९९ साली शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने मूल्याधारित शिक्षणावर अहवाल दिला. सत्य, सदाचार, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्ये, आणि सर्व धर्मांची मूलतत्त्वे मुलांना कळावीत ही सूचना. चव्हाणांना राजकारणात 'हेडमास्तर' म्हणत. अहवालही त्याच थाटाचा आहे. त्यावर आधारलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याला आव्हान मिळाले, आणि १२ सप्टेंबर २००२ रोजी अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. म्हणजे कायद्याची वाट गेली वीसहून अधिक वर्षे मोकळी आहे. तरी महाराष्ट्रात दहावीपर्यंत धर्मांचा किंवा तत्त्वज्ञानाचा अभ्यास असा विषय नाही.

त्याऐवजी आहे ते मूल्यशिक्षण. सकाळच्या परिपाठात प्रार्थना, सुविचार, बोधकथा, आणि भिंतीवर दहा मूल्यांचा तक्ता. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, सर्वधर्मसहिष्णुता आणि बाकीची. एकही मूल्य वाईट नाही. पण वेळेवर येणे आणि परधर्मीयाला सोसणे एकाच ओळीत बसवले की दुसरेही पहिल्याइतकेच सोपे वाटू लागते. शिवाय मूल्यांत भांडण असते हे तक्ता सांगत नाही. मोबाइल हातात असलेल्या मुलाला वैज्ञानिक दृष्टिकोन आणि आजीच्या उपासाबद्दलची सौजन्यशीलता यांची टक्कर रोज घरी दिसते. भोईवाड्यातल्या मुलाला तर आणखी बरेच दिसते. के.ई.एम., टाटा आणि वाडिया ही इस्पितळे जवळच, त्यामुळे शाळेत जाता-येता पदपथावर मुक्काम केलेले रुग्णांचे नातेवाईक रोजचे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली नाही की माणसे कुठे झोपतात हे त्याला ठाऊक असते. देव आहे तर हे का, हा प्रश्न त्याला पुस्तकातून शिकवावा लागत नाही. त्याच्यावर विचार कसा करायचा, एवढेच शिकवायचे उरते, आणि ते कोणी शिकवत नाही.

जानेवारी १९९३मध्ये दंगलीनंतर शाळा पुन्हा भरल्या तेव्हा माझ्या वर्गात एक बाक अर्धा रिकामा होता. त्यावरचा मुलगा कुटुंबासह मुंबई सोडून गेला होता. मुले त्या बाकाकडे पाहत आणि गप्प बसत. शाळेत ठरले की सर्व वर्गांत राष्ट्रीय एकात्मतेवर निबंध घ्यावा. मुलांनी निबंध सुंदर लिहिले. मीही गुण दिले. सुट्टीत एक मुलगा मला म्हणाला, "सर, त्यांच्यात ते रोज पाच वेळा काय म्हणतात, तुम्हाला माहीत आहे का?" मला तेव्हा खरोखरच माहीत नव्हते. मी बी.ए., बी.एड. होतो, एका सणाला शेवया आणि दुसऱ्याला केक खाऊन वाढलेला मुंबईकर होतो, आणि शेजाऱ्याच्या प्रार्थनेचा अर्थ मला ठाऊक नव्हता. सहिष्णुतेच्या तक्त्याला अज्ञान चालते. अभ्यासाला चालत नाही.

अर्थात मराठी शाळेत तत्त्वज्ञान अजिबात नाही असे म्हणणे खोटे ठरेल. ते आहे, आणि भरपूर आहे. मराठीच्या तासाला, कवितेच्या वेषात. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम यांच्याशिवाय आपले मराठीचे पुस्तक उभे राहत नाही. जीव आणि शिव एक की दोन, भक्ती करायची तर देव वेगळा हवा की नको, या प्रश्नांवर शेकडो वर्षे वाद झाले, आणि ते सगळे त्या अभंगांत उभे आहेत. वर्गात आपण काय करतो? शब्दार्थ, रूपक अलंकार, आणि कृतिपत्रिकेसाठी रसग्रहण. कवी जे म्हणतो ते खरे आहे का, हा प्रश्न विचारायची पद्धत नाही. मी स्वतः कित्येक वर्षे विचारला नाही. भीती दोन्हीकडून असते. एका घरून तक्रार येईल की संतांवर शंका घ्यायला शिकवतात, दुसऱ्या घरून येईल की आमच्या मुलाला भजन शिकवतात. म्हणून आपण अद्वैताचा अलंकार करून टाकतो, आणि सगळे सुखरूप घरी जातात.

खरे तत्त्वज्ञान अकरावीला भेटते. राज्य मंडळाच्या कला शाखेत 'तत्त्वज्ञान' आणि 'तर्कशास्त्र' हे दोन ऐच्छिक विषय आहेत. बालभारतीची त्यांची नवी मराठी पुस्तके २०१९-२०मध्ये आली, आणि ती चांगली आहेत. चार्वाकापासून पाश्चात्त्य विचारवंतांपर्यंत ओळख आहे, युक्तिवाद कसा तपासावा हे आहे. पण विज्ञान आणि वाणिज्यच्या मुलांना ते दिसत नाही, आणि कलेतही विषय उपलब्ध असला तर. दादरच्या कीर्ती महाविद्यालयात मे. पुं. रेगे यांनी तत्त्वज्ञान शिकवले, पुढे ते तिथे प्राचार्यही झाले. 'पाश्चात्य नीतिशास्त्राचा इतिहास' त्यांनी मराठीत लिहिला. १९७४ साली मराठीला तत्त्वज्ञान महाकोश मिळाला. शब्द आहेत, ग्रंथ आहेत. कमी आहे ती चौदा-पंधरा वर्षांच्या मुलापर्यंत ते उतरवण्याची.

इंग्लंडात हा विषय शाळेत आहे, आणि तिथल्या मराठी घरांतून त्याबद्दल गमतीचे ऐकू येते. सोळाव्या वर्षीच्या 'रिलिजस स्टडीज'च्या परीक्षेत, २०१६पासून, किमान दोन धर्मांचा अभ्यास करावा लागतो, आणि युद्ध, दयामरण, विवाह अशा प्रश्नांवर दोन्ही बाजू मांडून स्वतःचा निष्कर्ष द्यावा लागतो. तिथे वाढलेल्या मुलाला कर्म आणि मोक्ष यांच्या व्याख्या पाठ असतात. आजोबा श्राद्ध का करतात हे मात्र सांगता येत नाही. म्हणजे तिथेही घर आणि वर्ग यांच्यात दरी उरतेच. पण वर्गात शेजारच्या बाकावरचा मुसलमान मुलगा रोजाबद्दल काय मानतो, हे त्याला परीक्षेसाठी का होईना समजून घ्यावे लागते. फ्रान्सने उलट केले. सरकारी शाळेतून धर्म काढला, पण लिसेच्या शेवटच्या वर्षी तत्त्वज्ञान सक्तीचे ठेवले आणि बाकालोरियात त्यावर चार तासांचा निबंध. आपण धर्मही दूर ठेवला आणि तत्त्वज्ञानही ऐच्छिक करून कोपऱ्यात बसवले.

मे २०२४मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला. त्यात गीतेचे अध्याय आणि मनाचे श्लोक यांच्या पाठांतराची सूचना होती, आणि एका प्रकरणात मनुस्मृतीतले वचन छापले होते. गदारोळ झाला, आणि तो होणारच होता. वादात दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलले गेले ते कोणता ग्रंथ हवा आणि कोणता नको यावर. ग्रंथाचे वर्गात करायचे काय, हा प्रश्न फारसा निघाला नाही. पाठांतर आणि बहिष्कार यांत एक साम्य आहे. दोन्हींत पुस्तक उघडून कोणी काही विचारत नाही. मनुस्मृतीही वर्गात वाचता येईल, १९२७ साली महाडला ती का जाळली गेली त्यासह. मात्र असा तास घेणारा शिक्षक तयार करावा लागेल. ज्याची परंपरा त्याला अपमान वाटू नये, आणि जो त्या परंपरेखाली भरडला गेला त्यालाही वाटू नये, ही कसरत बी.एड.ला शिकवत नाहीत. माझ्या मते अडचण कायद्यात नाही आणि अभ्यासक्रमातही फारशी नाही. अडचण ही आहे.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी, नववीच्या एका मोकळ्या तासाला, मी रामजी आणि भीमराव यांचे ते बोलणे मुलांना सांगितले. तेव्हाच्या त्यांच्या घरापासून आपली शाळा किती जवळ आहे तेही सांगितले. मग विचारले, वडिलांचे उत्तर बरोबर होते का? पहिली दहा मिनिटे कोणी बोलले नाही. मास्तरांना कोणते उत्तर हवे आहे याचा अंदाज घेणे चालू होते. मग एक मुलगा म्हणाला, वडिलांचे बरोबर, कारण त्यांनी कर्णाचे उदाहरण दिले. दुसरा म्हणाला, पण कर्णाला शेवटपर्यंत सूतपुत्रच म्हणाले ना. खिडकीजवळची एक मुलगी, जिच्या घरी दरवर्षी दिंडी उतरते, बराच वेळ वहीवर रेघा मारत होती. तिने विचारले, "सर, त्यांना वडिलांचं पटलं नाही, तरी रामायण वाचायचं बंद केलं का?"

मला उत्तर देता आले नाही. तास संपल्याची घंटा झाली होती, आणि पुढचा तास भूमितीचा होता.